लाल रकाना

जूनमधल्या एका सोमवारी मी तात्यांना फोन केला आणि विचारलं, "तात्या, तुम्ही गाडी सारखी मॅन्युअलला का टाकता?" पलीकडे नुसता इंडिकेटरचा टक-टक आवाज. म्हणजे गाडी कडेला घेतली होती. चालवताना फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नियम माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे. मग म्हणाले, "ताई, तुम्ही गिअर बघताय का रस्ता?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मीही उलट काहीतरी बोलून मोकळी झाले असते. "बरं, बघते" असं काहीबाही पुटपुटून मी फोन ठेवला आणि त्यांच्या नावापुढचा लाल रकाना लालच राहू दिला. त्या महिन्यात त्यांच्या बक्षिसातले पाचशे रुपये कापले गेले. पाचशे रुपयांवाचून तात्यांचं काही अडत नाही. माझं मात्र अडलं.

माझं काम बसल्या जागचं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत खाली टायरचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. चौदा गाड्या, त्यातल्या पाच नव्या, बिनक्लचच्या. त्या पाचांची सगळी चाल माझ्या स्क्रीनवर उमटते. किती वेळ उभी होती, उभ्या-उभ्या इंजिन किती चाललं, ब्रेक किती वेळा जोरात दाबला, इंजिनाचे फेरे हिरव्या पट्ट्यात किती राहिले, बाहेर किती गेले. महिनाअखेरीला त्याचा तक्ता निघतो आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे रंग भरले जातात. शेठना आकडे वाचायचा कंटाळा, ते रंग वाचतात. तात्यांचे दोन रकाने लाल होते, 'मॅन्युअल मोड', म्हणजे गाडीवर न सोडता गिअर स्वतः बदलणं, आणि 'ओव्हर रेव्हिंग', म्हणजे इंजिनाचे फेरे हिरव्याच्या वर नेणं. एकोणतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस लाल, आणि बीडकडचा सव्वीस वर्षांचा पोरगा, ज्याने जुनी गाडी जेमतेम वर्षभर हाकली असेल, तो पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत हिरवागार. हे मला तेव्हाच खटकलं असं लिहायला आवडलं असतं, पण ते खोटं ठरेल. मला वाटलं, जुन्या लोकांची खोड. हातात दांडा नसला की करमत नाही.

ही खोड मी घरात बघत आले, म्हणून इतक्या खात्रीने वाटलं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, बारा-दहा चालवायचे. त्या काळी ट्रकच्या नावातच त्याची कुंडली असायची: बारा टन वजन, शंभराच्या आसपास घोडे. पुढे सोळा-तेरा आली. तात्यांची आताची गाडी ट्रेलरसकट पंचावन्न टनांची आणि तीनशे घोड्यांची आहे, हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. बारा-दहाचं इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेलं असायचं. ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये त्याचा उंचवटा, वर पत्रा, पत्र्यावर घडी घातलेली गोधडी. मे महिन्याच्या सुट्टीत त्या गोधडीवर बसून मी बार्शीपर्यंत गेले आहे. खालून ऊब यायची, मग चटका बसायला लागायचा, मग मी अप्पांच्या बाजूला सरकायचे आणि ते म्हणायचे, "हात सांभाळ, गिअर येतोय." गिअरचा दांडा म्हणजे चांगली हातभर काठी. तिच्या टोकाला पारदर्शक मूठ आणि मुठीत कायमचं अडकलेलं एक प्लास्टिकचं लाल फूल. न्यूट्रलला असली की ती काठी थंडी वाजल्यासारखी थरथरत राहायची. खंडेनवमीला आई पहिलं कुंकू लावायची ते स्टिअरिंगला नाही, त्या मुठीला.

खालचा गिअर टाकणं हा तर सोहळाच. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, एक्सलेटरला एक ठोका द्यायचा, परत क्लच, आणि मग तो गिअर लोण्यात सुरी जावी तसा जायचा. ठोका कमी पडला की दातावर दात घासल्याचा असा कर्र आवाज व्हायचा की क्लीनरसुद्धा खिडकीबाहेर बघायचा. याला डबल क्लच म्हणायचे. सगळं करायला वेळ किती, तर 'अगं' म्हणायला लागतो तेवढा. चढावर तेवढ्यात जमलं नाही तर गाडीचा जोर गेला, मग पहिल्यावर रांगत वर. यमुनानगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ होता. रात्री अकरा-साडेअकराला तिथे तिसऱ्यातून दुसरा पडल्याचा आवाज यायचा, मधे तो ठोका, आणि आई अंधारातच उठून स्टोव्हकडे जायची. गल्लीत आणखी दोघांचे ट्रक होते. पण त्यांच्या ठोक्याला आमच्या घरातलं कोणी उठत नसे.

तर हे सगळं मनात घोळवत, जरा हळवी होऊन, मी एका रविवारी अप्पांना नव्या गाड्यांबद्दल सांगितलं. म्हटलं, आता क्लचच नाही हो. एक गोल बटण फिरवायचं, डी वर न्यायचं, की गाडी आपले गिअर आपण बदलते. मला वाटलं, हळहळतील. ते डावा गुडघा चोळत होते. हल्ली जिना उतरताना प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टेकतात, मग उजवा, लहान मुलासारखे. म्हणाले, "आम्हाला मिळाला असता हा डबा तर हा गुडघा वाचला असता. एवढ्या क्लचा कोणी मोजल्यात का?" आणि चहा मागितला. विषय त्यांच्या बाजूने संपला होता.

तात्यांचंही तसंच. बिनक्लचची गाडी नको असं ते कधीच म्हणाले नव्हते. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी शिफ्ट सुटतानाची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना का ते सांगायला नको. दहा फूट पुढं, थांब. दहा फूट पुढं, थांब. भरलेल्या गाडीचा क्लच म्हणजे पायाने घंगाळ ढकलण्यातला प्रकार. "घरी गेल्यावर पाय माझा वाटायचा नाही," तात्या म्हणाले होते. शिवाय केबिनला एसी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना तो सक्तीचाच झाला, आमच्या पाचांत आधीपासून होता. एसी आणि बिनक्लच यामुळे आमच्याकडे पहिल्यांदाच असं झालं की गाडी कोणाला द्यायची यावरून ड्रायव्हरांत रुसवेफुगवे झाले. एरवी भांडण भाड्यावरून.

गंमत अशी की त्या डब्याच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, आत फार काही नवं नाही. खालच्या गॅरेजमध्ये एकदा एक उघडला होता तेव्हा मी मुद्दाम उतरून बघितला. तेच शाफ्ट, तेच दात, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला पायाच्या जागी हवेचा सिलिंडर, गिअरचे काटे सरकवायलाही हवाच, आणि कधी दाबायचं, कधी सरकवायचं हे ठरवायला एक चौकोनी कॉम्प्युटर. अप्पांचा तो ठोकासुद्धा आत आहे, इंजिनाचे फेरे जुळवण्याचं काम आता तारेतून होतं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ड्रायव्हरचा पाय काढून इथं बसवलाय." मिस्त्रीचा राग वेगळा होता. क्लचची तार तुटली, पंप गेला, तरी जुना ड्रायव्हर गाडी घरी आणायचा. अप्पांनी एकदा साताऱ्याहून पुण्यापर्यंत क्लचशिवाय आणली होती, गिअरमध्ये ठेवून सेल्फ मारायचा आणि पुढे आवाजावर गिअर जुळवत यायचं. आता कुठल्यातरी सेन्सरने डोळे मिटले की गाडी आहे तिथे उभी. मग लॅपटॉपवाला कधी येतो याची वाट बघा. एका गाडीचं असं धूर साफ करायच्या युरियाच्या टाकीवरून झालं होतं. टाकी भरलेली, पण सेन्सर म्हणे रिकामी. गाडीने पिकअप सोडला आणि शिरवळपासून बैलगाडीच्या चालीने आली. त्या दिवशीही तिचा तक्ता हिरवाच होता.

चढावरची तक्रार तात्यांची. भरलेली गाडी चढाला लागली की कॉम्प्युटर गिअर शोधत बसतो. पाचवा टाकतो, जमत नाही, चौथा टाकतो, जरा वेग आला की परत पाचवा. प्रत्येक बदलाला क्षणभर ओढ तुटते आणि तेवढ्यात पंचावन्न टन मागे खेचायला लागतात. "त्याला पुढचं वळण दिसत नाही ना ताई. त्याला फक्त आत्ताचं कळतं. मला माहितीये की पुढं उसाचा ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या मागं मला थांबायचंय. तो तिथं वरचा गिअर टाकून मोकळा." हे त्यांनी मला नंतर सांगितलं, ऑगस्टमध्ये, गाडीत बसून.

ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला मावशीकडे गेले होते. तात्या कोल्हापूरहून चाकणसाठी कास्टिंग भरून येत होते. मीच म्हटलं, मला घेऊन चला. कारण मावशीला सांगितलं ते वेगळं, खरं कारण तो फोन. रात्री साडेनऊला त्यांनी हायवेच्या कडेला गाडी उभी केली. केबिनची पायरी इतकी उंच की त्यांनी हात दिला. आत डिझेलचा वास नाही, पत्रा नाही, गोधडी नाही. डॅशबोर्डवर बाळूमामांचा छोटा फोटो, उदबत्तीचा जुना वास आणि एसीची घरघर. बोलायला आवाज चढवावा लागत नाही हे मला विचित्रच वाटलं. अप्पांच्या गाडीत आम्ही ओरडूनच बोलायचो, त्यामुळे अप्पा घरातही ओरडूनच बोलतात. खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शिरवळला चहा झाला. गाडी आपले गिअर आपण बदलत होती, मधेच फुस्स करून हवा सुटत होती आणि तात्यांचा डावा पाय मांडी घातल्यासारखा सीटवर दुमडलेला होता. इतका निवांत डावा पाय मी कुठल्याच ड्रायव्हरचा पाहिला नव्हता.

पाऊस बारीक होता. कात्रजचा नवा बोगदा लागला तसा तात्यांनी पाय खाली घेतला. बोगद्याच्या आतच वेग उतरवला. बोगदा संपायच्या आधी स्टिअरिंगजवळची काडी ओढून गाडी मॅन्युअलला टाकली, एक गिअर खाली, मग आणखी एक, आणि एक्झॉस्ट ब्रेक लावला. इतका वेळ नुसतं गुणगुणणारं इंजिन एकदम ओरडायला लागलं. सायलेन्सरच्या वाटेवर एक झडप बंद होते, धूर आत कोंडतो, पिस्टनला तो रेटायला जोर लागतो, आणि तो जोर गाडीच्या वेगातून वसूल होतो. पण हे नीट चालतं ते इंजिन जोरात फिरत असेल तर. काटा हिरव्यातून बाहेर गेला. तात्यांनी बोटाने मीटरच्या काचेवर टकटक केलं. हिरव्याच्या पुढे आणखी एक पट्टा होता, दुसऱ्या रंगाचा, खास ह्याच कामासाठी आखलेला. "गाडी बनवणाऱ्याला माहितीये," ते म्हणाले. "तुमच्या तक्त्यावाल्याला नाही."

पुढे जांभूळवाडी, दरी पूल, नऱ्हे. ज्यांनी हा उतार चारचाकीतून केला आहे त्यांना तो उतार वाटतच नाही, खरं सांगते, मलाही कधी वाटला नव्हता. रस्ता रुंद, दिवे लख्ख, लांबवर शहर पसरलेलं. वीस टन कास्टिंग पाठीवर घेऊन बसल्यावर कळतं की मागून कोणीतरी सतत ढकलतंय. बाजूने गाड्या सुसाट जात होत्या, एका टेम्पोवाल्याने तर हॉर्न मारून शिवीसुद्धा दिली. रम्बलरवरून केबिन दाढा वाजाव्या तशी वाजली. तात्या पायातला ब्रेक मधूनच दाबत, सोडत; दाबून धरत नव्हते. म्हणाले, "धरून ठेवला की ड्रम तापतो. तापला की पकड जाते. मग कितीही उभं राहा त्याच्यावर." नवले पुलाशी आलो तेव्हा खाली रिक्षा, दुचाक्या, भाजीची हातगाडी, पावसात भिजत रस्ता ओलांडणारं एक जोडपं आणि बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. आमची गाडी त्यांच्या पुढ्यात माणसाच्या चालीने आली. इंजिन अजून ओरडत होतं. माझ्या ऑफिसातल्या स्क्रीनवर त्या वेळी काय उमटत असेल ते मला न बघताही कळत होतं.

20 नोव्हेंबर 2022 चा रविवार पुण्यात कोणाला सांगायला नको. नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने पुढच्या गाड्यांना धडक दिली; पहिल्या बातम्यांत आकडा होता 48 गाड्यांचा. आधी बातमी आली ब्रेक फेलची, मग तपासणीनंतर वेगळंच पुढे आलं, की उतारावर इंजिनच बंद करून गाडी सोडली होती. डिझेल वाचवायला. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, नवी बनत नाही. एक्झॉस्ट ब्रेक तर नसल्यातच जमा. तेव्हा मी आमच्या सगळ्या ड्रायव्हरना व्हॉट्सअॅपवर मोठा मेसेज पाठवला होता, 'उतारावर न्यूट्रल करू नये' म्हणून, शेवटी तीन हात जोडलेले. अप्पांनाही वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला. मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, "आम्ही सगळ्यांनीच केलंय ते. बोरघाटात. खंडाळ्याला किल्ली बंद, खोपोलीला चालू." मी विचारलं, तुम्ही? "मालक डिझेल मोजून द्यायचा. वाचलं ते आपलं. तुझी दहावीची फी कुठनं आली असं वाटतं तुला?" यावर मुलीने काय बोलायचं असतं, मला अजून सुचलेलं नाही. गोधडीवर बसून बार्शीला जायचे तेव्हा मधे कुठले कुठले उतार लागायचे ते मी त्या रात्री आठवत बसले.

त्यातलं आणखी वाईट म्हणजे नव्या इंजिनात ती बचतही नाही. गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की नोझल डिझेल सोडणं थांबवतं, अगदी शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःला जागं ठेवायला थोडं थोडं पीत राहतं. तात्यांना हे माहीत आहे. शेठना मी दोनदा सांगितलं, ते म्हणाले, "मग तात्याचं अॅव्हरेज कमी का?" तात्यांचं अॅव्हरेज कमी नाही, इतरांइतकंच आहे, पण लाल रंग दिसला की त्यांना ते कमीच वाटतं.

सप्टेंबरमध्ये मी तक्ता पुरवणाऱ्यांना फोन केला. एक मुलगा खूप गोड आवाजात बोलला. म्हणाला, मॅम, तेवढ्या पट्ट्यापुरती मर्यादा बदलता येईल, रिक्वेस्ट टाकतो. ती रिक्वेस्ट अजून 'प्रक्रियेत' आहे. म्हणून आता दर महिन्याला शेठना तक्ता पाठवायच्या आधी मी तो एक्सेलमध्ये उघडते, बोगदा ते नवले पूल एवढ्या अंतरातल्या लाल नोंदी एकेक करून काढते आणि मग रंग भरते. सगळ्यांच्याच काढते, एकट्या तात्यांच्या नाही. साधारण दोन तास जातात. शेठना हे माहीत नाही. तात्यांना पाचशे रुपये परत मिळाले, त्यावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. खंडेनवमीला नव्या गाडीची पूजा करताना मात्र जरा घोळ झाला. लिंबू चाकाखाली, झेंडूचा हार पुढे, पण कुंकू कशाला लावायचं? गिअरची मूठ नाही. क्लीनरने त्या गोल बटणाला लावायला हात पुढे केला तर तात्यांनी अडवला आणि वाकून ब्रेकच्या पेडलला लावलं. मग तेच तबक घेऊन जिना चढून वर आले, माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले आणि स्क्रीनच्या कडेला दोन बोटं टेकवली. मी पुसलं नाही. अजून थोडं लाल राहिलंय तिथे.

दिवाळीनंतरचा तक्ता काढताना लक्षात आलं की त्या पट्ट्यातल्या नोंदी फक्त तिघांच्याच निघतात. तात्या आणि आणखी दोन जुने. बीडच्या पोराची काढायला एकही नोंद नाही. महिन्यात अकरा वेळा तो त्या उताराने आला होता, नऊ वेळा भरलेला, बहुतेक रात्री एक-दोनच्या सुमारास. इंजिनाचे फेरे कायम हिरव्यात. मॅन्युअल मोड शून्य टक्के. जोरात ब्रेक एकदाही नाही, म्हणजे तो पेडल हळू, सारखं दाबूनच उतरत असणार, वरच्या गिअरमध्ये. ड्रम किती तापला याचा रकाना माझ्याकडे नाही. शेठनी त्याच्या नावापुढे पेनाने बरोबरची खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, 'बाकीच्यांना दाखवा'.

मी फोन लावला. उचलायला वेळ लागला. मागे इंडिकेटरची टक-टक ऐकू आली आणि मला उगाच बरं वाटलं, निदान तेवढं तरी तात्यांनी शिकवलंय.

"काय ताई? काही चुकलं का माझं?"

"नाही रे," मी म्हटलं. "तुझं सगळं हिरवं आहे, म्हणून केला. तू आत्ता कुठे आहेस? शिरवळ? मग असं कर, बोगद्याच्या अलीकडे थांब. तात्या मागेच आहेत, अर्ध्या तासात पोचतील. उताराला त्यांच्या मागे राहा, आणि ते काय करतात ते ऐक."

"ऐक म्हणजे?"

"काच खाली कर," मी म्हटलं, "एसी बंद कर, आणि त्यांच्या इंजिनाचा आवाज ऐक."